मन्मथच्या घड्याळाला 'बरं आहे' म्हणले

...आणि पट्टा विचारतोय हो! पट्टा! माणूस समोर बसलाय, कपाळभर विभूती, गळ्यात हार, बायका रडायल्यात, आणि हा सत्यम डॉक्टर पाया पडून उठला, हळूच माझ्या कानाशी आला. मला वाटलं, आता म्हणतोय, 'उमाशंकरजी, लाखातला माणूस गेला'... न्हाई! म्हणतोय काय, 'उमाशंकरजी, घड्याळाचा ओरिजिनल पट्टा आहे ना हो घरात? आणि डबा? कागदपत्रं?' आता काय म्हणावं ह्याला, तुम्हीच सांगा!

थांबा, तुम्ही म्हणाल, माणूस गेला म्हणतोस आणि बसलाय म्हणतोस. अहो, आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला आडवं न्हेत न्हाईत, मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात, आणि तसंच बसल्या बसल्या मिरवत न्हेऊन मातीत ठेवतात. माझा मन्मथ तसा बसला होता. म्हणजे डावा हात मांडीवर, सगळ्यांच्या नजरेसमोर, आणि मनगटावर घड्याळ! आणि डॉक्टरचं घड्याळाच्या शौकिनांचं एक मंडळ हाय, त्याचे लोक एकामागं एक पाया पडायला वाकायलेत, आणि वाकल्या वाकल्या, तुम्हाला सांगतो, नजर पायावर न्हाई, मनगटावर! क्लासवाले सर तर दोनदा पाया पडले. मला आधी वाटलं, किती जीव होता बघा ह्यांचा. कशाचा जीव! पहिल्यांदा नीट दिसलं नव्हतं.

मन्मथ म्हणजे माझा दोस्त. निलंग्याकडं एका गावात आम्ही नागडे पोहलेलो. पुढं तो लातुरात दाल मिलवाला झाला, मी गोलाईच्या बाजारात भांड्याचं दुकान टाकलं. रोज संध्याकाळी मिल बंद करून माझ्याकडं यायचा, पातेल्यांच्या थप्पीला पाठ लावून बसायचा, चहा व्हायचा, कुणाचं लग्न मोडलं, तुरीला भाव काय, कोण कुणाला काय म्हणलं... सगळं. असा साधा माणूस हो. त्याला हे घड्याळाचं याड लागायचं काय कारण होतं?

कारण ऐका. छातीत दुखतंय म्हणून गेला ह्या सत्यम डॉक्टरकडं. डॉक्टरनं नाडी धरली, आणि नाडी बघता बघता मनगट बघितलं. मनगटावर लग्नात सासऱ्यानं दिलेलं, सेलवर चालणारं साधं घड्याळ. डॉक्टर म्हणले, 'मन्मथशेठ, एवढी मोठी मिल तुमची, आणि हातात सेलवालं?' झालं! छातीचं दुखणं राहिलं बाजूला, माणूस भलतंच दुखणं घेऊन घरी आला. त्या रविवारी मला म्हणतो, 'उम्या, चल. डॉक्टरच्या गच्चीवर मंडळ असतंय.' मी म्हणलं कसलं मंडळ, भजनाचं? म्हणला, 'घड्याळाचं.'

गेलो. काय सांगू तुम्हाला! टेबलावर मखमल अंथरलेली, डॉक्टर, क्लासवाले सर, एक बिल्डर, एक सराफ, सगळ्यांनी आपापली घड्याळं काढून मखमलीवर ठेवलेली, आणि निवाडा चाललाय. सोयरीक बघायला बसल्यावर कसे सवाल करतात? अगदी तस्से! पहिला सवाल खानदानाचा. कंपनी किती जुनी? दीडशे वर्सं, दोनशे वर्सं? मधी कधी बंद पडली होती का? एखादी कंपनी बंद पडून परत कुणी नुसतं नाव विकत घेऊन चालू केली असली की क्लासवाले सर नाक मुरडायचे, 'दत्तक घराणं.' मग आतली मशीन. मशीन स्वतःच्या कारखान्यातली, का दुसऱ्याकडून आणून बसवलेली? दुसऱ्याची निघाली की सगळ्यांची तोंडं अशी, जसं काय पोरगी शेजारणीचे दागिने घालून दाखवायला बसली! मी गरीब आपला विचारलं, 'पण चालतंय ना ते?' सगळे माझ्याकडं बघायले. सराफ म्हणले, 'चालण्याचा इथं काय संबंध?'

आणि खरंच संबंध न्हाई हो! सेलचं घड्याळ बरोबर टाइम दाखवतंय, ते हलकं. हे एवढं मोलाचं, रोज थोडं मागंपुढं व्हतंय, ते भारी. चाव्या द्या, हात हलवा, न्हाई हलवला तर रुसून बंद. आणि दोन तास बसलो आम्ही तिथं, एकानं घड्याळात टाइम बघितला असंल तर शपथ! निघताना डॉक्टरनं किती वाजले ते मोबाइलमधी बघितलं.

मी म्हणलं, रोलेक्स तर चांगली असंल? मला आपलं तेवढंच नाव मालूम. बिल्डर हसला. म्हणला, 'चांगली आहे, पण उमाशंकरजी, ती सगळे ओळखतात.' आता ह्याला काय म्हणावं! लोकांनी ओळखलं तर दर्जा कमी? म्हणला, 'खरं घड्याळ ते, जे हजारात एखादा ओळखतो.' अरे मग घालतोस कशाला बाबा? लातुरात एक बी ओळखणार न्हाई! तर म्हणतो, 'म्हणून तर हे मंडळ काढलं.' घ्या! एकमेकाचं ओळखायला!

एकदा माझ्या हातात दिलं बघायला. काच लावलेली मागची बाजू दाखवायले, आतली चाकं कशी हातानं घासलीत, जिथं कुणाची नजर जाणार न्हाई तिथं बी कशी चकाकी दिलीय. आता मी भांडेवाला माणूस, हातात वस्तू आली की सवयीनं पालथी केली आणि बोटाच्या हाडानं वाजवली. टक टक. अहो, डॉक्टर असा किंचाळला की खालून कंपाउंडर धावत वर आला! त्याच्या नंतर मला कुणी हात लावू दिला न्हाई. चहाचे कप गोळा करायला तेवढं सांगायचे. घरी येताना मन्मथ माझ्या स्कूटरवर मागं बसून एवढा हसला, एवढा हसला, की गाडी डगमगायली.

पण त्याचं स्वतःचं हसण्यासारखं नव्हतं हो. निकाल डॉक्टर द्यायचा. डोळ्याला भिंग लावायचा, घड्याळ उलटं सुलटं करायचा, आणि मग एकच बोल. एकदम भारी असलं तर डोळे मिटून म्हणायचा, 'एक नंबर!' ते वरसातनं एखाद्या वेळी. मन्मथनं पहिलं घड्याळ घेऊन टेबलावर ठेवलं, तोंड असं पोराच्या रिझल्टला गेल्यासारखं. डॉक्टरनं भिंग लावलं, बघितलं, खाली ठेवलं. 'बरं आहे,' म्हणले.

बरं आहे! तुम्हाला सांगतो, शिवी परवडली. 'बरं आहे' कुणाला म्हणतात? पाहुणा जेवायला बसला, भाजी अळणी झाली, यजमानीण विचारते कशी झालीय, तेव्हा म्हणतात, 'बरी आहे.' मन्मथनं ते घड्याळ पोराला देऊन टाकलं, दुसरं घेतलं. 'बरं आहे.' तिसरं घेतलं. कंपनी चांगली, म्हणले, पण खानदान कमी पडतंय... 'बरं आहे.'

मग त्यानं ठरवलं, घ्यायचं तर सगळ्यात वरचं. कंपनीचं नाव तीन शब्दांचं, माझी जीभ वळत न्हाई, मन्मथनं लई शिकवलं, मी आपलं 'तीन शब्दांची' म्हणायचो. तर ही तीन शब्दांची बाई मागितल्यावर मिळत न्हाई! थांबावं लागतं. आणि मंडळात हे बी दर्जाचं लक्षण. पैसे टाकले आणि लगेच दिलं, ती कंपनी हलकी. मन्मथ थांबला, लई थांबला. मी म्हणलं, लेका, तुझ्या मिलमधी गिऱ्हाइकाला दोन दिवस डाळ उशिरा दिली तर तुझी आईबहीण काढतंय, आणि तू वरसं थांबतोस? म्हणला, 'उम्या, थांबवतात म्हणून तर इज्जत हाय त्यांची.' शेवटी नंबर लागला. मुंबईला जाऊन आणलं. डबा काय, आतला डबा काय, त्याच्या आतला डबा काय! घरी आल्या आल्या शरणम्मावहिनीसमोर उघडला.

मी तिथंच होतो. वहिनीनं बघितलं, हात लावला, छान हाय म्हणली. मग म्हणली, 'अवो, हा पट्टा कशाचा?' आता मन्मथला खोटं बोलता येत न्हाई, हाच त्याचा वांधा. म्हणला, 'मगरीचा.' 'कशाचा?' 'मगरीच्या कातड्याचा. अस्सल हाय. उलट त्यालाच मान असतो...' अहो, वहिनी अशी मागं सरकली जशी काय ती मगर डब्यातनं बाहेर यायलीय! 'अवो, तुमच्या गळ्यात लिंग हाय! आपल्या घरात अंडं फुटलं न्हाई आजवर आणि तुम्ही मगर बांधून आणली? उंबऱ्याच्या आत न्हाई यायची ती!' संपलं. कोणाचं काय चालतंय वहिनीपुढं!

आता मन्मथ मधी सापडला. मंडळात सगळं अस्सल पाहिजे, कंपनीचा पट्टा काढला की म्हणतात भाव गेला. आणि घरात मगर न्हाई चालायची. गडी काय करायला? घड्याळ मिलच्या हापिसात, तिथं घालायचा, संध्याकाळी काढून कपाटात ठेवून घरी. जसं काय दुसरं बिऱ्हाड करून बसलाय! आणि चेहरा असा उतरलेला. माझ्यापाशी येऊन बसायचा, रिकामं मनगट चोळत. वहिनीला ते बघवलं न्हाई हो. तिनं काय केलं? तिचं लग्नातलं इरकल लुगडं, त्याचा पदर फाटला होता, पण काठ धड होता. लाल काठ, पांढरी नक्षी. तो काठ कापला, आत जाड कापड घातलं, आणि चष्मा लावून हातानं शिवला पट्टा. दुपारच्या दुपारी शिवायची. टाका वाकडा पडला की उसवायची. घड्याळाला बसवला तो, आणि मन्मथच्या हातावर बांधला, आणि म्हणली, 'आता घाला कुठं बी. पूजेला बसताना बी काढू नका.'

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मन्मथ माझ्या दुकानात आला, तर बाही खांद्यापर्यंत गुंडाळता आली असती तर गुंडाळली असती त्यानं! येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायलाय. कुकर घ्यायला आलेल्या बाईला म्हणतो, 'आमच्या मंडळींनी शिवलाय.' आणि रविवारी मला म्हणला, 'उम्या, आज बघच. मशीन त्यांच्या खानदानाची, पट्टा आपल्या खानदानाचा. आज डॉक्टर डोळे मिटतोय.'

गेलो. ठेवलं मखमलीवर. बिल्डरनं क्लासवाल्या सरांकडं बघितलं, सरांनी सराफाकडं. डॉक्टरनं भिंग लावलं, मशीनवर मान हलवायला, हलवायला... मी मन्मथचा हात धरला. मग भिंग पट्ट्यावर आलं. डॉक्टरनं दोन बोटांनी तो पट्टा असा उचलला, जसं एखाद्याच्या गादीखालनं काहीतरी सापडलंय. 'मन्मथशेठ, ह्याचा ओरिजिनल?' मन्मथ म्हणला, 'हाय मिलमधी. पण हा घरी शिवलाय. आमच्या...' डॉक्टर म्हणले, 'मशीनला तोड नाही हो. पण हे असं... एकूण, बरं आहे.'

येताना स्कूटरवर मागं हसू न्हाई. दुकानाचं शटर अर्धं उघडून बसलो दोघं. चहा आला, त्याच्यावर साय धरली तरी पिईना. मग म्हणला, 'उम्या, मला बरं हाय म्हणले असते तर मी ऐकून घेतलं असतं रे. हा तिच्या लुगड्याचा काठ हाय. तिला बरं हाय म्हणले.' मी म्हणलं, मरू दे मंडळ, नको जाऊस. तर म्हणतो, 'न्हाई. जाणार. हाच पट्टा लावून जाणार. एक ना एक दिस म्हणतील. म्हणावंच लागंल.' आणि गेला बी! दर रविवारी! तोच पट्टा, तेच घड्याळ, मखमलीवर नेऊन ठेवायचा, ते इकडंतिकडं बघायचे, आणि हा वाट बघत बसायचा. घरी गेल्यावर वहिनी विचारायची, काय म्हणले? हा म्हणायचा, 'लई आवडलं सगळ्यांला.' बघा, ज्याला खोटं बोलता येत नव्हतं त्यो!

आणि मग एक दिवस सकाळी पूजा आटपली, उठला, आणि खाली बसला. परत उठला न्हाई. छातीच. जिच्यासाठी पहिल्यांदा डॉक्टरकडं गेला होता, ती छाती. कुणी नीट बघितलीच न्हाई हो ती.

तर तिथं पट्टा विचारायलाय डॉक्टर! आणि वर म्हणतो, 'उमाशंकरजी, फोटो निघतायत, लोक येतायत, मन्मथशेठची शेवटची मिरवणूक. आता तरी ओरिजिनल पट्टा लावा. त्यांच्या इज्जतीचा प्रश्न आहे.' शेजारी स्वामी बसले होते विधीला, त्यांनी ऐकलं. म्हणले, 'कसला पट्टा?' डॉक्टर म्हणले, 'मगरीचा. अस्सल.' स्वामींनी मन्मथच्या तळहातावरच्या लिंगाकडं बघितलं, डॉक्टरकडं बघितलं, आणि फक्त एवढं म्हणले, 'डॉक्टर, तुम्ही जरा बाहेर सावलीत बसा.' मला तशात बी हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच रडू आलं.

निघायच्या आधी स्वामी म्हणले, बाई, अंगावरचं सोनंनाणं, घड्याळ, काय असंल ते काढून घ्या, मातीत काही ठेवायचं न्हाई. वहिनी पुढं आली. पट्टा सोडला. त्याच्यातनं घड्याळ काढलं आणि पोराच्या, शिवप्रसादच्या हातात दिलं, त्याच्याकडं न बघता. आणि तो काठाचा पट्टा, नुसता, रिकामा, परत मन्मथच्या मनगटावर बांधला. म्हणली, 'स्वामी, हे कापड हाय. माझं हाय. चालंल ना?'  स्वामींनी 'हो' म्हणून मान हलवली.

त्या पट्ट्यानिशी गेला माझा मन्मथ.

पुढचं ऐका, संपलं न्हाई. शिवप्रसाद पुण्याला असतो, गुणी पोरगं हाय, पण त्याला काय करायचं त्या घड्याळाचं? डॉक्टर म्हणले, मी घेतो, कदर करणाऱ्याकडं राहील. पोरानं देऊन टाकलं. मगरीचा पट्टा मिलच्या कपाटात कुठं हाय ते मलाच ठाव, म्हणून मीच जाऊन काढून आणला, तुरीच्या नमुन्याच्या पुड्यांमागं पडला होता. मग एक दिवस डॉक्टरचा फोन, 'उमाशंकरजी, रविवारी मन्मथशेठच्या आठवणीत बैठक ठेवलीय, या.' मला बरं वाटलं. म्हणलं, चला, माणसाबद्दल चार शब्द बोलतील. मी बी मनातल्या मनात जुळवून गेलो काय बोलायचं ते.

गच्चीवर तीच मखमल, आणि मधोमध तेच घड्याळ. मगर लावलेली. डॉक्टरनं हात फिरवला, म्हणले, 'थोडा डाळीचा वास येतोय, जाईल.' आणि मग एकेकानं उचललं. क्लासवाले सर म्हणले, 'आता कसं पूर्ण दिसतंय!' बिल्डर म्हणला, 'वा!' सराफानं तर कपाळाला लावलं. आणि डॉक्टरनं स्वतःच्या मनगटावर बांधलं, हात उजेडात धरला, आणि डोळे मिटले. 'एक नंबर!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या. काय करता! मन्मथच्या घड्याळाला मिळालं होतं, त्याच्यातर्फे कुणीतरी वाजवायला पाहिजे ना. चार शब्द कुणी बोललं न्हाई, माझे बी पोटातच राहिले.

आता धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी त्या दिवशी नवीन आले होते, आप्पासाहेब. मंडळात जागा रिकामी झाली ना, म्हणून. ते सगळ्यांची मनगटं बघत बघत माझ्यापाशी आले. 'आपलं?' म्हणले. मी हात पुढं केला. मोकळा! मी घालतच न्हाई काही, दुकानात भिंतीवर हाय तेवढं बास होतं. आप्पासाहेब बघत राहिले, बघत राहिले, आणि एकदम वळून डॉक्टरला म्हणतात, 'वाहवा! ह्याला म्हणतात शौकीन! खरा मोठा माणूस घालून फिरत न्हाई, तिजोरीत ठेवतो. दाखवायची गरजच न्हाई त्याला!' डॉक्टरला पक्कं मालूम, मी कोण ते. पण नवीन माणसासमोर मंडळाची इज्जत! 'मंडळात एक भांडेवाला कप उचलायला येतो' असं कसं म्हणणार? डॉक्टर घसा खाकरले, माझ्या मोकळ्या मनगटाकडं बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, देवाशप्पथ, डोळे मिटून म्हणले, 'उमाशंकरजींचं काय विचारता... एक नंबर!'

अहो, मला असं हसू फुटलं! पदराखाली... काय पदर, रुमाल तोंडात कोंबून जिना उतरलो. हसतोय, डोळ्याला पाणी, जिन्याचा कठडा धरतोय, परत हसतोय. म्हणलं, लेका मन्म्या, तू जन्म घालवलास आणि इथं माझ्या मोकळ्या हाताला मिळालं, फुकट! हसंल, असा हसंल, चहा नाकातनं येईल गड्याच्या! खाली आलो, स्कूटर चालू केली, आणि थांबलो. मागं तो बसायची वाट बघत. चालू गाडीवर, एक पाय खाली टेकून, किती वेळ थांबलो काय की. कंपाउंडर येऊन म्हणला, 'शेठ, कुणासाठी थांबलाव?'

तेव्हापासून हे सगळं असं पोटात घेऊन फिरायलोय बघा. वहिनीला सांगता येत न्हाई, तिला अजून वाटतंय त्या पट्ट्याला सगळे वाहवा म्हणायचे. पोराला सांगून काय उपेग. सांगायचं होतं ते एकट्या मन्मथला. आता तो न्हाई, म्हणून तुम्हाला सांगितलं. तुमचा काय संबंध, तुम्ही आपले समोर बसलेले दिसलाव.